मोली माशांचे दोन्ही नर मेले, माद्या एका जागी थरथरतायत, आणि त्यातच पिल्लं झाली!

सड्यावरची (देवगड)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलाला सुट्टी लागली तेव्हा एप्रिलमध्ये रत्नागिरीचं मत्स्यालय दाखवायला नेलं होतं, तिथून जो हट्ट सुरू झाला तो घरात टँक येईपर्यंत थांबला नाही. दोन फूट बाय एक बाय एक, आत बसणारा छोटा फिल्टर, आणि पाच काळ्या मोली. दोन नर तीन माद्या असं दुकानदार म्हणाला, मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भाऊ घाटावर असतो त्याने तिकडून पिशवीत ऑक्सिजन भरून आणल्या. एप्रिल मे एकदम मस्त गेले. दिवसभर काचेवरचं शेवाळ टिपत फिरायच्या, माणूस दिसला की वर येऊन तोंड उघडायच्या.

पाऊस सुरू झाला आणि महिन्याभरात सगळं बिघडलं. एका जागी उभं राहून नुसतं अंग हलवत राहतात, पोहल्यासारखं करतात पण पुढे जातच नाहीत, जशी हुडहुडी भरलीये. पर मिटलेले. खाणं कमी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक नर गेला, चार दिवसांनी दुसरा. दुकानात फोन केला तर म्हणाले फंगस आहे, निळं औषध टाका. टाकलं. दोन वेळा. पाणी निळंशार, टँकचा सिलिकॉनपण निळा झाला, मासे तसेच.

स्वच्छतेत काही कमी नाही हां, दर रविवारी सगळं पाणी काढून, वाळू धुऊन, फिल्टरचा स्पंज साबणाने घासून उन्हात वाळवून (ऊन असेल तर) परत नवीन पाणी भरते. पाणी आमच्या विहिरीचं, जांभ्यात खणलेली विहीर आहे, पाणी इतकं गोड की मुंबईचे पाहुणे जाताना बाटल्या भरून नेतात. क्लोरीन वगैरे प्रश्नच नाही.

आणि काल सकाळी बघते तर टँकमध्ये बारीक काळी पिल्लं! वीसेक असतील, संध्याकाळपर्यंत नऊ उरली, बाकीची आयांनीच खाल्ली. नर मरून महिना उलटला, मग ही आली कुठून? आमची आजी (सासूबाईंची आई, वय ८६) टँकसमोर खुर्ची टाकून बसलीये आणि सारखी विचारतेय, "गे बाय, हेंका गाभोळी नाय तर पोरां खंयसून इली?" (गाभोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी.)

माझे प्रश्न: हा रोग कोणता, पिल्लं कशी काय, आणि उरलेली नऊ कशी वाचवू? मुलगा रोज शाळेतून आल्यावर पहिलं मोजतो.

चहाबाज

ताई मोली म्हणजे सगळ्यात सोपा मासा, तो मरतोय म्हणजे काहीतरी मोठं चुकतंय. पाणी ॲसिडिक झालं असेल, पानाचा चुना बोटभर टाका, आमच्याकडे विहिरीत पण चुना टाकतात, दोन तासात फरक.

खाडीकाठचा (आचरा)

चुना टाकू नका!! ताई, हे आधी वाचा मग बाकीचं. विहिरीत हजारो लिटर पाणी असतं, तुमच्या टँकमध्ये पंचेचाळीस पन्नास लिटर. भिजवलेल्या चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या आसपास असतो, बोटभर चुन्याने तासाभरात उरलेल्या तिन्ही जातील. चहाबाज भाऊ, राग नको, पण सांगण्याआधी एकदा स्वतःच्या टँकवर करून बघा.

आता सावकाश सांगतो. सोळा सतरा वर्षं मासे पाळतोय, त्यातली पहिली तीन चार वर्षं मी पण मोली मारल्यात, अगदी तुमच्यासारख्याच.

तुमचे मासे आजारी नाहीत, तुमचं पाणी त्यांना मानवत नाहीये. एका जागी थरथरण्याला शौकीन लोक शिमी म्हणतात, तो रोग नाही, लक्षण आहे. ताप आला म्हणजे जसा रोगाचा पत्ता लागत नाही तसं. थंड पाण्याने होतं, नायट्राइट वाढलं तरी होतं, पण कोकणात मोलीला झालं तर दहातल्या नऊ वेळा मी एकच विचारतो, पाणी विहिरीचं का? आणि विहीर जांभ्यात का?

मोलीला दुकानात गोड्या पाण्यातला मासा म्हणून विकतात आणि तिथेच घोटाळा होतो. हिचे पूर्वज मेक्सिको आणि आसपासचे. आपण पाळतो त्या मोली बऱ्याचशा दोन तीन जातींच्या संकरातून आल्यात, त्यातल्या मोठ्या पाठीच्या पराच्या ज्या सेलफिन, त्या तर किनाऱ्याजवळच्या पाणथळीत, खाजणात, निमखाऱ्या पाण्यातसुद्धा राहतात. सवय करत करत नेलं तर मोली पूर्ण समुद्राच्या पाण्यात पण जगते, मी करून बघितलंय. म्हणजे आपल्या भाषेत बोलायचं तर ही खाडीच्या अंगाची पोर आहे, आणि आपण तिला सड्यावरच्या पावसाच्या पाण्यात ठेवतो.

जांभा म्हणजे काय, लाखो वर्षं पावसाने धुऊन काढलेला दगड. त्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियम कधीच वाहून गेलं, उरलं लोखंड आणि ॲल्युमिनियम, म्हणून तो लाल. त्यातून झिरपलेलं पाणी एकदम हलकं आणि किंचित आंबटाकडे झुकलेलं. माणसाला अमृत, डाळ पटकन शिजते, पण मोलीला पीएच साडेसात ते साडेआठ आणि चांगलं जड पाणी लागतं. घाटावर बोअरचं पाणी तसं जडच, म्हणून तिकडे मोली कशीही जगते आणि दुकानदाराला वाटतं सोपा मासा.

माशाच्या रक्तात क्षार जास्त, बाहेरच्या पाण्यात कमी, त्यामुळे पाणी सतत कल्ल्यांतून आत घुसतं आणि क्षार बाहेर गळतात. पाण्यात कॅल्शियम असलं की कल्ल्यांची गळती कमी होते. ते नसलं की मासा दिवसरात्र आत आलेलं पाणी उपसत बसतो, गळक्या होडीतून पाणी काढणाऱ्या माणसासारखा, आणि शेवटी दमतो. मे महिन्यात तुमची विहीर खाली गेलेली, पाणी त्यातल्या त्यात दाट, म्हणून निभावलं. पाऊस लागला, विहीर काठोकाठ भरली, म्हणजे तुम्ही दर रविवारी जवळजवळ पावसाचंच पाणी भरत होतात. आणि तेही सगळंच्या सगळं एकदम. पुढच्या रविवारी परत तेच.

दुसरं, साबण. फिल्टरच्या स्पंजला साबण लावायचा नाही, कधीच नाही. त्या चिकट घाणीत जे जंतू असतात तेच खरा फिल्टर. माशाच्या शी-शूतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, एक जंतू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, नायट्रेट फारसं बाधत नाही. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे जातात. तुम्ही दर आठवड्याला घासून उन्हात वाळवत होतात, आणि उरलेसुरले निळ्या औषधाने गेले. ते औषध अंड्यांवरच्या बुरशीला ठीक आहे, पण चालू फिल्टरच्या टँकमध्ये ओतायचं नसतं.

घरी आता करा काय तर आधी एक साधी चाचणी. एका पारदर्शक बाटलीत विहिरीचं पाणी घ्या, कपड्याच्या साबणाचा (पावडर नको, वडी) कीस टाका आणि हलवा. भसाभसा फेस आला आणि टिकला तर पाणी हलकं. हेच बाजारातल्या बोअरच्या पाण्याने करून बघा, फेसाऐवजी पांढरा साका बसेल. शक्य असेल तर ऑनलाइन अमोनिया, नायट्राइट आणि पीएचच्या पट्ट्या मागवा.

मग उपाय. तुमच्या परसात माडाच्या बुंध्याशी आपण खातो त्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचा ढीग असणारच. त्यातल्या जुन्या, उन्हापावसाने पांढऱ्या झालेल्या दोन ओंजळी घ्या, मांस चिकटलेलं काही नको, उकळा, घासा, थोड्या फोडा, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरचं पाणी जिथून वाहतं तिथे ठेवा. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. पाणी आंबट असेल तेवढीच विरघळते, पीएच वर गेला की आपोआप मंदावते. चुन्यासारखा झटका देत नाही, हाच तिचा गुण.

सोबत जाडं मीठ, पाच लिटरला एक सपाट छोटा चमचा, म्हणजे लिटरला साधारण एक ग्रॅम, पण बादलीत विरघळवून आणि दोन तीन दिवसांत विभागून. आयोडीनच्या मिठाने मासे मरतात हा जुना गैरसमज आहे, पण जाडं मीठ घरात असतंच तर तेच घ्या. मीठ हा तात्पुरता आधार आहे हां, त्याने पाणी जड होत नाही, जड करायला शिंपलीच. टँकमध्ये नाजूक वनस्पती असतील तर त्या रुसतील.

आणि घाई करू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. आंबट पाण्यात अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो, पीएच एकदम वर नेलात की तोच विषारी होतो. म्हणून आधी दोन तीन दिवस रोज पाचवा हिस्सा पाणी बदला, खाणं अर्ध्यावर आणा, मग शिंपल्या. पुढे आठवड्याला पाव टँक, बस. नवीन पाणी बादलीत दोन दिवस शिंपल्या आणि एअर स्टोन (पंपाच्या हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) टाकून ठेवलेलं.

जीवशास्त्राची बाई (कुडाळ)

खाडीकाठच्यांनी पाण्याचं सगळं सांगितलंय, मी पिल्लांवर येते, अकरावी बारावीला शिकवते त्यामुळे सवयीने लांबेल.

आजींना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, मोरी (मुशी, म्हणजे शार्क) कापताना पोटात पिल्लं निघालेली बघितलीत ना? तसंच. आपल्या बाजारात येते त्या छोट्या मोरीत तर पिल्लू आईला नाळेसारख्या जोडणीने बांधलेलं असतं. मोलीचं तेवढं पुढारलेलं नाही, हिची अंडी पोटातच फळतात, पिल्लू अंड्यातल्या बलकावर वाढतं आणि बाहेर पडता पडता अंड्यातून सुटतं. म्हणजे गाभोळी आहे, पण ती पोटातच उबवली जाते.

नर ओळखायचा तो पोटाखालच्या मागच्या परावरून. मादीचा तो पर पंख्यासारखा, नराचा काडीसारखा लांबट, त्यानेच तो शुक्राणू आत सोडतो. आणि नर मेल्यावर पिल्लं कशी, तर मादी ते शुक्राणू आत जपून ठेवते, महिनोन् महिने, आणि एकाच मिलनावर एकामागून एक अशा कितीतरी विणी देऊ शकते. म्हणजे ताई तयारी ठेवा, तुमच्या तिन्ही माद्या अजून काही महिने दर चार ते सहा आठवड्यांनी बाळंत होऊ शकतात, नवीन नर न आणता. गप्पी माशांचंही तसंच, एकच मादी आणली तरी वर्षात टँक भरतो तो त्यामुळे.

एक गंमत सांगते, वर्गात सांगितली की पोरं जागी होतात. अमेझॉन मोली म्हणून एक जात आहे, मेक्सिकोचा ईशान्य भाग आणि टेक्सासमध्ये, त्या नदीशी काही संबंध नाही, दंतकथेतल्या लढवय्या बायकांवरून नाव. ह्या जातीत सगळ्या माद्याच! जवळच्या दुसऱ्या जातीच्या नराशी मिलन करतात, शुक्राणूमुळे अंड्याची वाढ फक्त सुरू होते, बापाचं काही उतरत नाही, लेकी आईची हुबेहूब नक्कल. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये अशी जात पहिल्यांदा ओळखली गेली ती हीच, १९३२ साली.

पिल्लं वाचवायला तो प्लॅस्टिकचा ब्रीडिंग बॉक्स घेऊ नका, मादी घाबरते आणि कधी कधी अर्धवट दिवसांची पिल्लं टाकते. दाट झाडोरा द्या, जावा मॉस नाहीतर हॉर्नवर्ट, पिल्लं त्यात लपतात. काही नाही मिळालं तर नायलॉनच्या दोऱ्या सोडवून त्याचा झुपका करून टाका, धुऊन. मोलीची पिल्लं जन्मतःच सेंटीमीटरभर असतात, चुरलेलं नेहमीचं खाणं पहिल्या दिवसापासून खातात, दिवसाला तीन चार चिमट्या. उकडलेल्या अंड्याचा बलक देतात लोक, पण पाणी इतकं नासतं की मी बंद केलं. मोठ्यांना उकळत्या पाण्यातून काढलेला पालक, काकडीची चकती द्या, मोली निम्मी शाकाहारी असते, नुसतं प्रोटीनवर ठेवली की पोट फुगतं. सुका जवळा मीठ धुऊन, कुटून, आठवड्यातून एकदा चालतो. घरात इतका वास सुटतो की मांजर दिवसभर टँकसमोर, ते तुमचं तुम्ही बघा.

चहाबाज

बरं बरं, चुना मागे घेतो 🙏 पण मग सरळ समुद्राचं पाणीच आणून टाकलं तर? देवगडला काय तोटा, एक कळशी भरली की झालं.

खाडीकाठचा (आचरा)

हा प्रश्न चांगला विचारलात. तत्त्वतः चालतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियमपण असतं, म्हणजे वीस लिटरला एक लिटर टाकलं तरी पुष्कळ. पण आत्ता नको. पावसात किनाऱ्याला नदीनाल्यांचा गढूळ लोंढा, किती खारट काही भरवसा नाही, आणि बंदराजवळचं पाणी तर डिझेलचं. थंडीत, दूरच्या स्वच्छ किनाऱ्यावरून, भरतीच्या वेळी आणा, तेव्हा बोलू.

आणि ताई, एक राहिलं. पावसात लाइट जाते तेव्हा फिल्टर बंद, जंतू गुदमरतात आणि मासेही. बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवा, मासेमारीच्या सामानाच्या दुकानात पण मिळतो, स्वस्त असतो.

सड्यावरची (देवगड)

बापरे, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. साबणाचं वाचून रडू आलं, मी किती प्रेमाने घासत होते तो स्पंज.

बाटलीची चाचणी केली. फेस इतका की झाकणातून बाहेर, दहा मिनिटांनी पण तसाच. आता कळलं आमच्याकडे अंघोळ करताना साबण जाता जात का नाही! आरओ दुरुस्त करायला मुलगा आला होता त्याच्याकडून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घेऊन बुडवला, ३४ आलं. तो म्हणाला ताई तुम्हाला आरओची गरजच नाही, उगाच घेतलात. पट्ट्या यायला चार दिवस लागतील. आजीने शिंपल्या निवडायचं काम घेतलंय, एकेक घासून बघते, आयुष्यभर तिसऱ्या खाल्ल्या त्याचं सार्थक झालं म्हणते (मालवणीत म्हणाली, इथे लिहिण्यासारखं नाही).

खाडीकाठचा (आचरा)

३४ म्हणजे पाऊसच. एक लक्षात ठेवा, मीठ टाकल्यावर टीडीएस बघून खूश होऊ नका, मीटरला मीठ आणि कॅल्शियम सारखंच, आकडा हजारावर जाईल आणि पाणी तेवढंच हलकं असेल. त्यापेक्षा बाटली बरी.

सड्यावरची (देवगड)

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी, गणपतीची साफसफाई सुरू होती.

पट्ट्यांवर सुरुवातीला पीएच ६, नायट्राइट गुलाबी, म्हणजे होतं. सांगितलं तसंच केलं, रोज थोडं थोडं पाणी, खाणं निम्मं, चौथ्या दिवसापासून शिंपल्यांची पिशवी आणि मीठ. पहिला आठवडा काहीच फरक नाही, उलट एक मादी गेली, ती आधीच खंगलेली. मग नवव्या दहाव्या दिवशी मोठ्या मादीचे पर उघडले. आता दोघी चांगल्या पोहतात, थरथर बंद, काल काचेवर शेवाळ खाताना बघितलं तर मुलगा ओरडतच आला स्वयंपाकघरात. पीएच साडेसातच्या जवळ, नायट्राइट पांढरं. नऊ पिल्लांतली सात आहेत, आणि परवा दुसरीने अजून घातली, झुपक्यात लपलीयेत त्यामुळे मोजता येत नाहीत, मुलगा म्हणतो छत्तीस, मी म्हणते पंचवीस.

आता नवीन प्रश्न, एवढ्यांचं करू काय? आमचे हे म्हणतात सोडून देऊ खालच्या ओहोळात, डास तरी खातील, आरोग्य खात्याचे लोक गप्पी सोडतात तसे.

जीवशास्त्राची बाई (कुडाळ)

ओहोळात अजिबात नाही! डासांसाठी बाहेरून मासे आणायचा प्रयोग जुना आहे, गंबुसिया तर १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला, आणि तो आता आपल्याच छोट्या माशांची अंडी पिल्लं खातो, त्यांचं खाणं पळवतो. आपल्या पऱ्ह्या ओहोळांत डोक्यावर चमकता ठिपका असलेला पंचॅक्स असतो ना, शांत पाण्यात वरवर फिरणारा, तो डासांच्या अळ्या फस्त करण्यात कुणाला कमी नाही, तो इथलाच आहे. गप्पी मासे बंद टाकीत, हौदात ठीक, वाहत्या पाण्यात नाही. यजमानांना सांगा, पाहिजे तर वर्गात बोलावते.

पिल्लं वाटून टाका. आणि पुढच्या वेळी नर आणलात तर एक नर आणि दोन तीन माद्या, उलटं नको, नर मादीच्या इतके मागे लागतात की ती बिचारी खात पण नाही. आणि ते गोल पोटाचे बलून मोली नका घेऊ, वाकडा कणा मुद्दाम जोपासलेला असतो, मला बघवत नाही.

नवीनच_शौक (कणकवली)

ताई पाच सहा पिल्लं मला द्याल का? टँक तयार आहे, दीड महिना झाला फिल्टर चालू आहे, आत फक्त दोन गोगलगायी. शनिवारी देवगडला येणार आहे, बरणी घेऊन येतो.

सड्यावरची (देवगड)

देईन की, बरणी मोठी आणा. पण आधी तुमच्याकडचं पाणी बाटलीत भरून साबणाचा कीस टाका आणि फेसाचा फोटो इथे टाका. आजीची अट आहे.